नांदेडची पंगत

(शताब्दी सप्ताहात सहाव्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोललं तसंच उतरवून घेतलं आहे.)

मी शिकलेला माणूस नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, मग बैलांमागं गेलो. पुढची शाळा म्हंजे ही दिंडी. तेव्हा भाषण कसलं, डोळ्यानं बघितलेलं सांगतो. आणि शेवटी एक कबुली द्यायची आहे, ती ऐकून घ्या.

गेल्या वर्षी माघ वारी झाली, हरभरा घरात आला. घरची म्हणाली, "सगळी वर्षं पंढरीच्याच वाटेनं चाललो, एकदा दुसरीकडं बी घेऊन चला की." म्हटलं, चल, नांदेडला जाऊ. ती म्हणाली, "तिथं आपला कोण देव?" मी म्हटलं, "देवाचं नंतर बघू, आपले नामदेव महाराज तिथं आहेत." तिला वाटलं चेष्टाच करतोय.

दोघांचं अर्धं तिकीट. बार्शीहून लातूर, लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेड. दिवस कलताना उतरलो. वाटेत गोदावरी लागली तेव्हा दोघांनी हात जोडले. हीच गंगा वर पैठणला नाथ महाराजांच्या पायाशी आहे. ज्या नाथांनी श्राद्धाचं जेवण भुकेल्या महारांना वाढलं, गावानं वाळीत टाकलं तरी मागं सरले नाहीत, त्या नाथांच्या गावाचं पाणी वाहत वाहत नांदेडला जातं. हे मी पुढं जोडणार आहे, ध्यानात असू द्या.

नांदेडला शिखांचे दहावे गुरू, गुरू गोविंदसिंगजी, 1708 साली आले आणि त्याच साली तिथंच देह ठेवला. पंजाबातून इतक्या लांब! जाण्याआधी त्यांनी सांगितलं, आता माझ्यामागं देहधारी गुरू नाही, इथून पुढं ग्रंथ हाच गुरू. म्हणून त्याला गुरू ग्रंथ साहिब म्हणतात. त्या जागेवर पंजाबचे महाराजा रणजितसिंग यांनी 1832 ते 1837 या काळात आजचा गुरुद्वारा बांधला. तख्त सचखंड श्री हजूर साहिब. शिखांची पाच तख्तं, त्यातलं हे एक आपल्या महाराष्ट्रात. आपल्याला जशी पंढरी, तशी त्यांना ही जागा. अमृतसरहून थेट रेल्वेगाडी येते, तिचं नावच सचखंड.

चपला ठेवल्या, पाय धुतले. डोकं झाकल्याशिवाय आत सोडत नाहीत. माझा फेटा होता, हिनं पदर घेतला. आत गेलो तर पेटी-तबल्यावर गाणं चाललेलं. एका सेवेकऱ्याला विचारलं, "हे काय चाललंय?" तो म्हणाला, "कीर्तन." मी चमकलोच. आपण उभं राहून टाळ-मृदंगावर करतो, ते बसून पेटी-तबल्यावर करतात, नाव मात्र तेच. कीर्तन, नाम, संगत, सेवा. सगळे शब्द आपल्याच घरातले.

सांजच्या आरतीला थांबलो. दिवे ओवाळतात, अगदी आपल्यासारखं. तिथं एक म्हातारे सरदारजी शेजारी बसलेले. पांढरी दाढी, निळी पगडी. माझा बुक्का आणि गळ्यातली माळ बघून चांगल्या मराठीत म्हणाले, "महाराज, पंढरपूरकडचे का?" त्यांच्या चार-पाच पिढ्या नांदेडातच गेलेल्या. म्हटलं, बार्शीकडचा, वारकरी आहे. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "मग तुम्ही पाहुणे नाही. भगत नामदेव आमच्या गुरूच्या आत आहेत."

मायबाप हो, हे नीट ऐका. गुरू अर्जुनदेवांनी 1604 साली ग्रंथ सिद्ध केला. त्याची पानं 1430. त्यात आपल्या नामदेव महाराजांची 61 पदं आहेत, आणि त्यात विठ्ठलाचं नावसुद्धा आहे, "बीठल" असं. सेना महाराज, आपले सेना न्हावी, त्यांचं एक पद आहे आणि ते आरतीचं आहे. कबीर महाराज आहेत, रोहिदास महाराज आहेत. त्रिलोचन नावाच्या संतांची पदं आहेत, आणि हे त्रिलोचन आपल्या बार्शीचे, असं तिकडची पुष्कळ मंडळी मानतात. ते सरदारजी बार्शी ऐकून का हसले, ते मला तेव्हा कळलं.

नामदेव महाराज पंजाबात गेले, गुरदासपूर जिल्ह्यात घुमानला राहिले. तिथं त्यांचं देवस्थान आहे. 2015 साली आपलं अठ्ठ्याऐंशीवं मराठी साहित्य संमेलन त्या घुमानला भरलं आणि अध्यक्ष होते तुकोबारायांच्या घराण्यातले डॉ. सदानंद मोरे. बघा, माउलींच्या सोबत्यानं सातशे वर्षांपूर्वी काढलेली वाट अजून बुजलेली नाही.

आता पंगतीचं सांगतो. आरती झाल्यावर सरदारजी म्हणाले, "चला, लंगर." मी जरा मागं सरलो. म्हटलं, आमची माळ आहे, परक्या ठिकाणी कसं जेवायचं? ते म्हणाले, "डाळ, रोटी, भाजी. तुमच्या माळेला चालेल तेच." गेलो. लांबच लांब पट्ट्या अंथरलेल्या. जो येईल तो जिथं रांग संपली तिथं बसतो. माझ्या एका बाजूला ट्रकचा ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला गाडीतून उतरलेला कुणी मोठा व्यापारी, समोर एक भिक्षेकरी बाई आणि तिची दोन लेकरं. कुणी कुणाला "तू कुठला" म्हणून विचारत नाही. रोटी वाढताना आपण दोन्ही हात पुढं धरायचे. हातात प्रसाद म्हणून देतात, वरून टाकत नाहीत. ते बघून माझा घास अडकला. का, ते पुढं सांगतो.

सरदारजी म्हणाले, "महाराज, आमच्याकडं नियम आहे. आधी पंगत, मग संगत." आधी सगळ्यांबरोबर जमिनीवर बसून जेवा, मगच गुरूला भेटा. तिसरे गुरू अमरदास यांच्या भेटीला अकबर बादशहा आला, तर तोसुद्धा आधी पंगतीत बसला, असं ते सांगतात. आणि 1699 साली बैसाखीला गुरू गोविंदसिंगांनी जे पंचप्यारे निवडले, त्यात एक बिदरचा न्हावी होता. बिदर म्हंजे आपल्या शेजारचंच. एक द्वारकेचा, कापडाचा धंदा करणाऱ्या छिंपी जातीचा, म्हंजे नामदेवरायांच्या शिंप्यांच्या नात्यातलाच म्हणा. एक पाणी भरणारा. त्या पाचांना अमृत दिलं आणि मग गुरू स्वतः त्यांच्यापुढं हात जोडून उभे राहिले, की आता मला तुम्ही द्या. गुरूनं शिष्याच्या हातून घेतलं!

रात्री यात्री निवासात पडलो, पण झोप नाही. पहाटेच्या अंधारात गोदावरीची घागर भरून आणून तख्त धुतात, तेव्हाही जागाच होतो. हिनं विचारलं, "काय होतंय?" मी सांगितलं. तिला बी पन्नास वर्षांत सांगितलं नव्हतं, ते आज तुम्हाला सांगतो.

मी सोळा-सतरा वर्षांचा होतो. आपल्या दिंडीत वाढप्याची सेवा मला मिळाली, छाती फुगली होती. चौथीत माझ्याशेजारी बसणारा एक मित्र त्या साली वारीला आला. खालच्या वस्तीतला. आवाज असा की, त्यानं चाल लावली की विणेकरी थांबून ऐकायचे. कुर्डुवाडीच्या अलीकडं मुक्काम पडला. पंगत बसली. तो माझ्याजवळ येऊन बसायला लागला, तर कुणीतरी म्हणालं, "तिकडं बाभळीखाली बस." तो गेला. मला सांगितलं, "लांबून वाढ." मी भाकरी वरून टाकली. एक भाकरी त्याच्या हातावर पडली, एक मातीत पडली. त्यानं ती उचलली, फुंकली, आणि माझ्याकडं बघितलं. बोलला काही नाही. पुढच्या वर्षीपासून तो दिंडीत आला नाही. एकटा चालत पंढरीला जायचा, दिंडीच्या मागं अर्धा कोस ठेवून.

त्याआधी किती वर्षं झाली होती बघा! 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले आणि मंदिराचं दार सगळ्यांना उघडलं. देवाचं दार उघडलं, माझ्या हातातली टोपली मात्र बंदच राहिली. मी म्हणीन, मोठ्यांनी सांगितलं म्हणून केलं. पण हात कुणाचा होता? माझाच.

आणि मी चाळीस वर्षं कीर्तनात काय सांगत आलो? चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली गेले, तेव्हा नामदेव महाराज स्वतः गेले, हाडातून विठ्ठलनाम ऐकून अस्थी ओळखल्या आणि पंढरीला महाद्वारासमोर समाधी दिली. स्वतः काय मागितलं? पायरी. की संतांच्या पायाची धूळ लागावी. हे सांगताना मी रडायचो, तुम्ही रडायचा. आणि ज्यानं भाकरी फुंकून खाल्ली त्याच्या दारी मी एकदाबी गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सरदारजींना म्हटलं, मला वाढायची सेवा द्या. त्यांनी रोटीची टोपली दिली. गुडघे दुखत होते, तरी वाकून प्रत्येकाच्या हातात रोटी ठेवली. वाकल्याशिवाय ती हातात जात नाही. माझ्या मनात एकच, हे पन्नास वर्षांपूर्वी करता आलं असतं.

परत आलो तो आधी त्याच्या घरी गेलो. तो चार वर्षांपूर्वीच गेला. वहिनी ओट्यावर होत्या. मी सगळं बोललो, पायाला हात लावायला वाकलो तर त्यांनी मागं घेतले. म्हणाल्या, "मालक सांगायचे त्या भाकरीचं. राग नव्हता त्यांचा. म्हणायचे, दोस्ताचा हात कापत होता तेव्हा." एवढंच बोलल्या. मग म्हणाल्या, "चहा घेणार का आमचा?" घेतला. मायबाप, पंढरीच्या तीर्थानंतरचं गोड काही असेल तर तो चहा.

आता दिंडीला शंभर वर्षं झाली. आज लांब बस असं कुणी म्हणत नाही, हे खरं. पण खरं बोला, खालच्या वस्तीची मंडळी अजून दुसऱ्याच पंगतीला बसतात की नाही? कुणी सांगत नाही, तरी बसतात. कारण आपण कधी हाताला धरून "इथं बसा" म्हटलं नाही. न सांगता चालू झालेली गोष्ट नव्हे ती. आपण सांगूनच चालू केली होती, तेव्हा सांगूनच मोडावी लागंल.

माझी विश्वस्तांना हात जोडून विनंती आहे. येत्या आषाढीपासून तीन गोष्टी करा. एक, जो येईल तो रांग संपली तिथं बसेल, मग तो पाटील असो की कुणी असो. दोन, महाराज मंडळी, मानकरी आणि विश्वस्त सगळ्यांत शेवटी जेवतील. तीन, भाकरी हातात द्यायची, वाकून. वाढप्याची पहिली सेवा मला द्या. गुडघ्याचं मी बघतो.

माझ्या त्या मित्राचा नातू आज टाळकऱ्यांत बसला आहे. आजोबाचाच आवाज आहे. बाळा, आषाढीला पहिल्या मुक्कामाला तू पहिल्या पंगतीत बस. मी वाढायला येणार आहे.

चुकलं-माकलं पदरात घ्या. रामकृष्ण हरी.