गारगोटीचा धागा

काच म्हटली की ती फुटायचीच, असे आपण धरून चालतो. पण अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांत ४० किलोचा आरसा काचेच्या चार धाग्यांवर टांगलेला असतो. धाग्याची जाडी किती? जेमतेम ०.४ मिलिमीटर!

ही युक्ती जुनी आहे. १८८७ साली इंग्लंडात बॉईज या शास्त्रज्ञाने गारगोटी ज्वालेत वितळवली, ती काडीच्या बाणाला चिकटवली आणि बाण सोडला. त्यामागे केसाहून बारीक तंतू ओढला गेला. आता शुद्ध सिलिकाची कांडी लेसरने तापवून ताणतात.

पोलादी तार का नको? तिच्यात आतले घर्षण अधिक. उष्णतेची थरथर गुरुत्वलहरीची नाजूक खूण झाकून टाकते. सिलिकात ते घर्षण फार थोडे. म्हणून १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर सापडू शकली.

मात्र या धाग्याला बोट लावायचे नाही! बारीकसा ओरखडा पडला, की भार पेलताना तो तिथेच तुटायचा.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ अशाच वेधशाळेला २०२३ साली केंद्राची मंजुरी मिळाली. तेव्हा गुरुजी, शेताच्या बांधावरची गारगोटी मुलांना दाखवा आणि सांगा, आकाशाची थरथर टिपणारा धागा हिच्याच जातीचा आहे.