आपल्या वर्गातला फौजी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'संगणक आणि उद्याची शाळा' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, तेव्हा त्यांचंही बरोबर होतं. पण संगणकाबद्दल आता तुमच्या घरची लेकरंच तुम्हाला जास्त सांगतील. मला आज एका माणसाबद्दल बोलायचंय. तो आपल्याच वर्गातला आहे, आत्ता याच मंडपात बसलाय. बोलायच्या आधी मी त्याची परवानगी घेतली. तो म्हणाला, "बोल, पण नाव घेऊ नकोस." म्हणून नाव घेत नाही. ओळखणारे ओळखतील.

तो शेवटच्या बाकावर बसायचा. वडील मिरचीच्या अडतीवर हमाल होते. हंगामात तोही शाळा सुटल्यावर पोती शिवायला जायचा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच्या शर्टाला मिरचीचा खाट यायचा. शेजारचा शिंकला की सगळा वर्ग हसायचा. मीही हसलेय. दहावीत त्याचं गणित राहिलं. ऑक्टोबरला सुटलं. मी त्या वर्षी शाळेत पहिल्या पाचांत होते. फळ्यावर माझं नाव होतं, तो मात्र कुठेच नव्हता.

१९९८ मध्ये मी इंजिनिअरिंगला नांदेडला गेले आणि त्याच वर्षी तो भरतीत निघाला. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये ट्रेनिंग झालं आणि मग जम्मू-काश्मीर. २००० साली मला हॉस्टेलवर एक आंतरदेशीय पत्र आलं. पत्ता '५६ ए.पी.ओ.' असा. आपल्या वेळी मुलं-मुली एकमेकांशी बोलतही नसत हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे त्याने ते पत्र किती धीर करून लिहिलं असेल ते मला आज कळतं. पत्रात ख्यालीखुशाली होती आणि एक विनंती. आपल्या मराठीच्या सरांनी वर्गात नरहर कुरुंदकरांबद्दल सांगितलं होतं, त्यांचं 'जागर' नांदेडला मिळेल, तेवढं पाठव, पैसे मनिऑर्डरने पाठवतो.

मी उत्तर दिलं नाही.

कारण सांगते, ते फार चांगलं नाही. फौजीचं पत्र आलं म्हणून मैत्रिणी चिडवतील ही एक भीती. आणि खरं सांगायचं तर मनात आलं होतं की गणितात राहिलेला हा मुलगा कुरुंदकर वाचून काय करणार? पुस्तकाचं दुकान माझ्या हॉस्टेलपासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर होतं.

आता कुरुंदकरांबद्दल थोडं. नांदेडच्या माणसांना त्यांच्याबद्दल सांगायची गरज नाही, पण या अंकातून हे भाषण आपली लेकरंही वाचतील. १५ जुलै १९३२ ला आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नांदापूरला त्यांचा जन्म झाला. शिकायला हैदराबादला मामांकडे, म्हणजे डॉ. ना. गो. नांदापूरकरांकडे राहिले. ते दिवस निजामाच्या राजवटीचे. आपल्या शेजारच्या उमरीची बँक जानेवारी १९४८ मध्ये मुक्तिसंग्रामातल्या तरुणांनी लुटली ती गोष्ट आपण सगळ्यांनी आजोबांकडून ऐकलीय. त्या धामधुमीत कुरुंदकर शाळकरी वयात ओढले गेले. पुढे इंटरला ते एकदा नव्हे, अनेकदा नापास झाले. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत मास्तर झाले. पदवीचा कागद उशिरा आला, वाचन त्याच्या कितीतरी आधी झालं होतं. मग पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक, तिथेच प्राचार्य. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला त्यांनी लिहिलेली प्रस्तावना आजही लोक स्वतंत्रपणे वाचतात. १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादला व्यासपीठावरच ते गेले. वय पन्नासही नव्हतं.

आपल्या सरांनी वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा मी टिपून घेतली होती ती कुरुंदकरांच्या पुस्तकांची नावं, कारण ती परीक्षेत येतील असं वाटलं. त्याने लक्षात ठेवलं ते 'इंटरला अनेकदा नापास'. एकाच तासाला बसून आम्ही दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी ऐकल्या.

दोन वर्षांपूर्वी आईच्या औषधपाण्यासाठी मी धर्माबादला आले होते. देवगिरीची वाट बघत स्टेशनवर बसले होते. शेजारच्या बाकावर एक गृहस्थ मांडीवर गठ्ठा घेऊन उत्तरपत्रिका तपासत होते. ताठ पाठ, बारीक कापलेले केस. मी ओळखलं नाही, त्याने ओळखलं. तो मला "तुम्ही" म्हणाला. मी म्हटलं, अरे, एका वर्गातले आपण. तेव्हा "तू"वर आला. मग गाडी दीड तास उशिरा आली म्हणून मला त्याची सगळी कहाणी ऐकायला मिळाली.

तो म्हणाला, माझा मराठीचा पहिला तास बंकरमध्ये झाला. युनिटमध्ये सातारा, कोल्हापूर, बीडकडची पोरं. काहींना पत्र लिहिणं जमायचं नाही, अक्षर चांगलं म्हणून सगळे याच्याकडे यायचे. बुखारीजवळ बसून हा लिहायचा. सांगणारा म्हणायचा, "मी ठीक आहे, काळजी करू नका." याला माहीत असायचं की हा आठ दिवस झोपलेला नाही. पण ते लिहायचं नाही. मग तो सांगणारा थांबायचा आणि म्हणायचा, "म्हशीचं काय झालं ते विचार." तो म्हणाला, "त्या म्हशीत सगळं असायचं. माणूस जे बोलत नाही ते कुठे ठेवतो, हे मला तिथे कळलं. पुढे एम.ए.ला कविता शिकवली तेव्हा मला नवीन काही वाटलं नाही."

नोकरीत असतानाच त्याने यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. सुट्टी आणि परीक्षा जुळायची नाही, म्हणून तीन वर्षांच्या पदवीला सहा वर्षं लागली. २०१५ ला सतरा वर्षांची नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झाला. गावात सगळ्यांनी सांगितलं, बँकेत गार्डची जागा बघ, माजी सैनिकाला लगेच मिळते. याने नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात एम.ए. मराठीला नाव घातलं. वय पस्तीस. वर्गातली पोरं आधी उठून उभी राहिली, त्यांना वाटलं सरच आले. घरी सासरे म्हणाले, "मराठी काय शिकायची? ती तर येतेच की."

एम.ए. झालं, पण प्राध्यापक व्हायला सेट किंवा नेट लागते. सेटच्या पहिल्या पेपरात आकडेमोड आणि तर्काचे प्रश्न असतात. म्हणजे दहावीचं गणित पुन्हा दारात उभं. दोनदा गेली. तिसऱ्यांदा त्याच्या नववीतल्या मुलीने त्याला शेकडेवारी आणि सरासरी शिकवली, आणि निघाली.

आता तो एका कॉलेजात मराठी शिकवतो, तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्व म्हणजे काय ते इथल्या गुरुजनांना सांगायला नको. जेवढे तास तेवढे पैसे, तेही कधी वेळेवर, कधी सहा महिन्यांनी, उन्हाळ्यात काही नाही. त्याला पेन्शन आहे म्हणून घर चालतं. त्याच्या बरोबरीच्या, पीएच.डी. झालेल्या पोरांना तीही नाही, आणि ते सांगताना तो जरा चिडला. स्वतःबद्दल बोलताना चिडला नव्हता.

सकाळी बासरच्या रस्त्याला भरतीची तयारी करणारी पोरं पळताना आपण बघतो. त्यातली बरीच त्याच्या वर्गात आहेत. ती त्याला विचारतात, सर, छाती किती लागते, सोळाशे मीटर किती मिनिटांत? तो सगळं सांगतो. कधी कधी पहाटे त्यांच्याबरोबर पळतोही. अट एकच : भरती होवो न होवो, तासाला बसायचं. आणि वर्षातून एकदा तो त्यांना घरी पत्र लिहायला लावतो. 'मी ठीक आहे' हे वाक्य त्यात चालत नाही.

मी त्याला त्या आंतरदेशीय पत्राबद्दल विचारलं. मला वाटलं विसरला असेल. तो म्हणाला, "बरं झालं तू पाठवलं नाहीस. वाट बघून सुट्टीत नांदेडला उतरलो आणि स्वतः घेतलं. स्वतःच्या पैशाचं पुस्तक माणूस नीट वाचतो." हा त्याचा मोठेपणा. माझा हिशोब त्याने मिटत नाही.

आमच्या ऑफिसातल्या तरुण मुलांना 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' फार आवडतं. त्याचे लेखक टॉल्किन हे ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते, आणि त्याआधी सैनिक. बर्मिंगहॅमच्या एका शाळेत त्यांचे तीन जिवलग मित्र होते. चौघं शाळेच्या ग्रंथालयात चोरून चहा करून प्यायचे आणि कविता वाचायचे. पहिलं महायुद्ध आलं आणि चौघंही युद्धात गेले. सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ ला, गिल्सन गेला. डिसेंबरात स्मिथ जखमांनी गेला. टॉल्किन ट्रेंच फीवरने आजारी पडून मायदेशी परतले होते म्हणून वाचले. स्मिथने त्यांना आधीच पत्र लिहून ठेवलं होतं की मी राहिलो नाही तर जे मला सांगायचं होतं ते तू सांग. टॉल्किननी १९१८ मध्ये स्मिथच्या कविता छापून आणल्या. पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं ते जे लिहीत राहिले, त्यात त्या पत्राचं उत्तर किती होतं, हे कोण सांगणार?

शाळेतल्या मित्राच्या पत्राला उत्तर द्यायचं असतं, एवढंच मला यातून म्हणायचंय. आपला मित्र सतरा वर्षं सीमेवर राहून सुखरूप आला हे आपलं भाग्य. नाहीतर माझ्याकडे फक्त न दिलेलं उत्तर उरलं असतं.

मी आज 'जागर'ची एक प्रत आणली आहे. त्याच्याकडे आहेच, तो घेणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून मी ती आपल्या शाळेच्या ग्रंथालयाला देते.

आणि त्यावरून शेवटचा मुद्दा. या मेळाव्यासाठी जमा झालेल्या रकमेतून खर्च जाऊन जे उरेल, त्यातून शाळेला कमान बांधावी असा ठराव ग्रुपवर आलाय. कमान सुंदर दिसेल, आपल्या सगळ्यांची नावंही तिच्यावर येतील. पण काल मी ग्रंथालयाच्या खोलीत डोकावले. कपाटं आपल्याच काळची आहेत, एकाला कुलूप आहे आणि किल्ली सापडत नाही. माझी विनंती आहे की कमान पुढच्या बॅचने बांधावी. आपण खोली नीट करू, संध्याकाळी दोन तास ती उघडी राहील अशी व्यवस्था करू. अडतीवरून, शेतातून, धावून आलेलं पोर तिथे बसेल. संध्याकाळी तिथे बसायला आणि पोरांना पुस्तकं काढून द्यायला आपला फौजी तयार आहे. मानधन विचारलं तर म्हणाला, "तासिका तत्त्वावर देऊ नका म्हणजे झालं."

मत आज जेवणाआधी घ्यावं, जेवणानंतर कुणी थांबत नाही.

त्याच्या शर्टाच्या वासाला हसले, आणि त्याच्या पत्राला उत्तर दिलं नाही, या दोन्हीबद्दल मी इथे, ज्या वर्गासमोर हसले त्याच वर्गासमोर, त्याची माफी मागते. गुरुजनांना नमस्कार. त्यांनी एकाच तासाला सगळ्यांना सारखंच शिकवलं, आम्ही आपापल्या कुवतीप्रमाणे घेतलं.