पेटीतला गणवेश

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी आणि रायगड या जिल्ह्यांतील ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पलटणीला माणसे पुरविली, त्या गावांतील घरांत एक वस्तू हटकून दृष्टीस पडते. ती म्हणजे काळ्या रंगाची पत्र्याची पेटी. तिच्यावर पांढऱ्या ठळक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण लिहिलेली असते. अशीच पेटी कांगड्याच्या डोंगरातील घरांत आढळते, गढवालात आढळते, पंजाबातील खेड्यांत आढळते आणि तमिळनाडूतील वेल्लोरच्या आसपासही आढळते. भाषा बदलते, अन्न बदलते, पेटी तीच. घरधनी सेवेतून परतला त्या दिवशी ती त्याच्याबरोबर आली. पुढे तिच्यात लेकीच्या लग्नाची भांडी साठली, जमिनीचे कागद साठले. परंतु तळाशी, जुन्या धोतरात गुंडाळून, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेले एक गाठोडे मात्र तेथून हलत नाही. ते गाठोडे म्हणजे त्या माणसाचा गणवेश.

वर्षातून एकदा घरातील कपड्यांना ऊन दाखविले जाते, तेव्हा हाही बाहेर निघतो. पितळी बटणे चिंचेने घासली जातात, कसर लागली आहे काय ते पाहिले जाते आणि पुन्हा जुन्याच घडीवर घडी बसते. तो कोणी अंगात घालीत नाही. बहुधा आता तो अंगात येतही नाही. मग तो ठेवावयाचा कशासाठी? आणि जो कपडा सरकारने दिला, तो सेवा संपल्यावर कोणाचा? वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या दोन प्रश्नांत सैनिक, त्याचे घराणे आणि राज्यसंस्था यांच्या संबंधाचे मर्म दडलेले आहे.

गणवेशाचा पहिला गुण असा की तो माणसाला पुसून टाकतो. भरतीला आलेला तरुण आपल्या गावचा, आपल्या भावकीचा, आपल्या बोलीचा असतो. कपडे उतरवून त्याने खाकी किंवा हिरवा वेष चढविला की रांगेतील शंभरांपैकी तो एक होतो. परंतु हाच वेष पुढे हळूहळू त्याचे व्यक्तित्व त्याला परत देऊ लागतो. बाहीवरील एक पट्टी लान्स नाइकाची, दोन नाइकाच्या, तीन हवालदाराच्या. छातीवरील रंगीत फितींत कोणत्या मोहिमेत तो होता, किती वर्षे सेवा केली, कोठे शौर्य गाजविले हे सारे नोंदलेले असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा बिगूल आणि हिरवा-लाल तुरा दिसला की बेळगावचे केंद्र डोळ्यांपुढे उभे राहते. ज्याला ही लिपी वाचता येते त्याच्या दृष्टीने जुना गणवेश म्हणजे एका माणसाचे संक्षिप्त चरित्रच होय.

पलटणीची नावेसुद्धा कधी कधी कपड्यावरून पडलेली आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण ‘काळी पाचवी’ या नावाने ओळखली जाते. जुन्या मुंबई फौजेत ती पाचव्या क्रमांकाची होती आणि तिच्या कोटाची कॉलर व बाह्यांच्या कडा काळ्या असत. कोटाचा रंग गेला, क्रमांकही अनेकदा बदलले. परंतु नाव मात्र टिकले. खाकी रंगाची कथा अशीच आहे. ‘खाक’ म्हणजे धूळ. १८४६ साली पेशावरकडे उभारलेल्या गाइड्स पथकाला धुळीच्या रंगाचा वेष देण्यात आला. लाल कोटाची मिरवणूक डोंगराळ मुलखात जिवावर बेतत असे. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात खाकीची जागा हिरव्या रंगाने घेतली. वेषाचा प्रत्येक बदल असा कोणत्या तरी युद्धाच्या अनुभवातून आलेला आहे.

आता कायद्याची बाजू पाहू. भारताच्या राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने किताब रद्द केले. परंतु लष्करी आणि विद्याविषयक सन्मान त्यातून वगळले. त्यामुळे सुभेदार हा निवृत्तीनंतरही सुभेदारच राहतो आणि गाव त्याला मरेपर्यंत त्याच नावाने हाक मारते. पदकाचेही तसेच. १९५० च्या सेना अधिनियमाच्या चौपन्नाव्या कलमान्वये, सेवेत असलेल्या सैनिकाने आपले पदक विकणे किंवा गहाण टाकणे हा अपराध आहे. पदक त्याचे असले तरी ते बाजारात नेण्याचा अधिकार त्याला नाही. त्याच कलमात सरकारी कपडे व साहित्य यांची विल्हेवाट लावणे हाही अपराध ठरविला आहे. कपडे सरकारची मालमत्ता आहेत आणि ते सैनिकाला वापरण्यासाठी दिलेले आहेत, अशी त्यामागील भूमिका आहे. सारांश, हुद्दा आणि पदक जन्मभराचे. वेष मात्र सेवेच्या काळापुरता.

जो सैनिक नाही त्याने सैनिक असल्याचा समज व्हावा या हेतूने तसा वेष घालणे, हा १८६० च्या दंडसंहितेत गुन्हा मानला गेला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १६८ व्या कलमातही तो कायम आहे. निवृत्त अधिकाऱ्यांना ठरावीक समारंभांत नियमांच्या मर्यादेत गणवेश घालण्याची मुभा असते. एरवी साध्या कोटावर पदके लावणे हीच रीत. प्रजासत्ताक दिनी जिल्ह्याच्या ठिकाणी अशी पदके लावलेले वृद्ध पहिल्या रांगेत बसलेले दिसतात.

या कडकपणाला कारण आहे. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे सैनिकी वेषातच आले होते. त्यानंतर लष्करी धाटणीचे कपडे नागरिकांनी वापरू नयेत आणि दुकानदारांनी ते विकू नयेत, असे आवाहन लष्कराने केले. १५ जानेवारी २०२२ रोजी, सेना दिनाच्या संचलनात, नव्या नक्षीचा लढाऊ वेष प्रथम लोकांसमोर आला. त्या नक्षीच्या स्वामित्वाची नोंदणीही त्याच वर्षी करण्यात आली. वेष हा विश्वासाचा दाखला आहे. तो कोणाच्याही हाती पडू लागला तर दाखल्याचे मोल राहणार नाही.

परंतु कायद्याचा कटाक्ष परिधान करण्यावर आणि फसविण्याच्या हेतूवर आहे. पेटीच्या तळाशी असलेला गणवेश कोणाला फसवीत नाही. जतन करणे आणि परिधान करणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. निवृत्त सैनिकाला हा भेद कोणी शिकवावा लागत नाही. तो गणवेश घालण्यासाठी ठेवीत नाही, साक्षीसाठी ठेवतो.

ही साक्ष किती दूरवर पोहोचते याची उदाहरणे इतिहासात आहेत. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात होते आणि त्यांपैकी बहुतेक युद्ध संपताच घरी परतले. त्यांच्या बिल्ल्यांवर इंग्लंडच्या राजाचा मुकुट होता. २६ जानेवारी १९५० रोजी भारतीय सेनेच्या चिन्हांतून तो मुकुट गेला आणि त्याच्या जागी अशोकस्तंभावरील सिंह आले. परंतु पेटीतल्या कपड्यावरील मुकुट तसाच राहिला. तो ठेवणारा माणूस राजनिष्ठ होता, असा अर्थ त्यातून काढणे अन्यायाचे होईल. इटलीतील डोंगरांत किंवा ब्रह्मदेशातील चिखलात त्याच्या शेजारी जे पडले, त्यांचे स्मरण त्या बटणांशी जडलेले होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा दूरदेशी पडलेल्या वीराचे पदक घरी येई, गणवेश बहुधा येत नसे. म्हणूनच जो जिवंत परतला त्याचा गणवेश हा काही अंशी न परतलेल्या सोबत्यांचाही असतो.

त्याच युद्धातील आझाद हिंद सेनेच्या सैनिकांची स्थिती याहून बिकट होती. एका राजवटीने त्यांच्या वेषाला द्रोह म्हटले आणि १९४५ च्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यात त्यांच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला. त्याच लाल किल्ल्यात २३ जानेवारी २०१९ रोजी नेताजींच्या नावाचे संग्रहालय सुरू झाले आणि आझाद हिंद सेनेच्या वस्तू तेथे सन्मानाने मांडल्या गेल्या. वेष तोच राहिला, पाहणाऱ्यांची दृष्टी मात्र पालटली. ज्यांनी प्रतिकूल काळात त्या वस्तू फेकून दिल्या नाहीत, त्यांच्यामुळे पुढच्या पिढीला हा पालट पाहता आला.

१९४७ च्या फाळणीत सैन्याचीही वाटणी झाली. बलुच, फ्रन्टियर फोर्स आणि काही पंजाब रेजिमेंट पाकिस्तानकडे गेल्या. कांगड्याच्या एखाद्या डोग्रा पेन्शनराच्या खांद्यावरील बिल्ला ज्या पलटणीचा, ती पलटण एका रात्रीत परक्या देशाची झाली. त्याला मेळाव्याला बोलावणारे कोणी उरले नाही. त्याची पलटण त्याच्यापुरती पेटीतच शिल्लक राहिली.

महाराष्ट्रातील एक उदाहरण तर विशेष मननीय आहे. मुंबई फौजेत महार शिपाई दीर्घकाळ चाकरी करीत आले होते. १८९२-९३ च्या सुमारास ‘लढाऊ जमाती’ची कल्पना पुढे करून त्यांची भरती बंद झाली. दापोलीच्या कॅम्पात त्या वेळी अनेक महार पेन्शनर राहत होते. लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला देऊन भरती पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज तयार केला. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ याच पिढीतले. ज्या समाजात या माणसांना सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी मिळत नव्हते, त्या समाजात सुभेदार, हवालदार हे हुद्दे म्हणजे त्यांची योग्यता जगाने एकदा मान्य केल्याचा पुरावा होता. १९१७ साली महारांची एक पलटण उभी राहिली आणि १९२१ साली ती मोडण्यात आली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. मधल्या अर्धशतकाच्या काळात घराण्याच्या सैनिकी परंपरेची आठवण जिवंत ठेवण्याचे काम वृद्ध पेन्शनरांनीच केले.

साध्या शिपायाचे चरित्र कोणी लिहीत नाही. सेनापतींची पत्रे छापली जातात, आत्मचरित्रे निघतात. शिपायाचे नाव फार तर एखाद्या शिळेवर कोरले जाते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत; त्यांच्या स्मृतीचा स्तंभ गावात आहे. पुष्कळ गावांतील शिळांवर तर किती गेले आणि किती पडले एवढे आकडेच आहेत. त्या आकड्यामागचा माणूस केवढ्या बांध्याचा होता, कोपरावर कापड कसे झिजले होते, तुटलेले बटण त्याने कोणत्या दोऱ्याने शिवले होते, हे गणवेशच सांगू शकतो.

म्हणूनच हे गणवेश आजोबांच्या मागे कोठे जातात, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. मोठ्या शहरांच्या जुन्या बाजारांत बिल्ले आणि पदके मोडीच्या भावाने विकायला आलेली दिसतात. विकणाऱ्या नातवाच्या मनात पाप असतेच असे नाही. ती वस्तू काय आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. नाव नसलेला गणवेश म्हणजे केवळ जुने कापड. तोच गणवेश, एका चिठ्ठीवर नंबर, नाव, पलटण, सेवेची वर्षे आणि मोहिमा लिहून तिच्यासह ठेवला, तर तो दस्तऐवज होतो. घरात त्याचा सांभाळ होण्यासारखा नसेल तर त्या त्या रेजिमेंटच्या केंद्राशी किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी संपर्क साधावा. परंतु तो भंगारवाल्याच्या गाड्यावर जाऊ नये.

शिपाई घरी परततो तेव्हा तो म्हातारा नसतो. बहुतेकांचे वय पस्तीस-चाळिशीच्या घरात असते आणि अर्धे आयुष्य पुढे उभे असते. कित्येकजण बँकेच्या किंवा कारखान्याच्या दारावर दुसरा वेष चढवून उभे राहतात. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेच्या मूळ तरतुदींनुसार तर चार वर्षांच्या सेवेनंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा तरुणच सेवेत राहावयाचे आहेत. बाकीचे पंचविशीच्या आसपासच घरी येणार. त्यांच्या पेट्यांतही घडी घातलेला गणवेश असेल. त्याचा अर्थ काय, हे त्यांना आणि त्यांच्या मुलांना ठरवावे लागेल. तो केवळ गेलेल्या दिवसांचा सल ठरावा की केलेल्या कामाची खूण ठरावी, हे पुष्कळ अंशी त्यांच्या वाट्याला गावात आणि नोकरीत कोणती वागणूक येते त्यावर अवलंबून राहील.

राज्याने गणवेशावर हक्क सांगावा हे योग्यच आहे, कारण तो राज्याच्या शब्दाने मोल पावलेला कपडा आहे. आणि घराण्याने तो जपावा हेही योग्यच आहे, कारण त्या कपड्यातील कष्ट घराण्याच्या माणसाचे आहेत. ज्या घरी अशी पेटी असेल आणि तिचा धनी अद्याप बोलता-चालता असेल, त्या घरातील मुलांनी ती एकदा त्याच्यासमोर उघडावी, एकेका पट्टीचा आणि फितीचा अर्थ विचारून घ्यावा आणि तो लिहून ठेवावा. पेटी पुढेही राहील. तिचा अर्थ सांगणारा नेहमीच राहील असे नाही.