टॉम वॉटसन : एका पॉप्युलिस्ट वकिलाची गोष्ट



'पॉप्युलिस्ट' हा शब्द आपण हल्ली शिवीसारखा वापरतो. १८९० च्या दशकात इथे अमेरिकेत पीपल्स पार्टीचे कार्यकर्ते स्वतःला अभिमानाने तसे म्हणवून घेत. त्यांच्यापैकी जॉर्जियाच्या टॉम वॉटसनविषयी आज बोलायचे आहे.

जन्म १८५६ चा, थॉमसन गावाजवळ. घराणे गुलाम बाळगणारे, पण यादवी युद्धानंतर पार बसलेले. पैशाअभावी कॉलेज सुटले, काही काळ शाळामास्तरकी केली, १८७५ साली वकिलीची सनद मिळाली. फौजदारी वकील म्हणून पुढे नाव आणि पैसा दोन्ही कमावले. पण भोवतालचा शेतकरी बुडत होता. हंगामाच्या आरंभी दुकानदाराकडून बियाणे, खत, पीठ उधार घ्यायचे आणि तारण म्हणून न उगवलेले पीक लिहून द्यायचे. कापसाचा भाव पडला की कर्ज पुढच्या वर्षावर. त्याच १८७५ साली आपल्याकडे सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली. दुवाही कापसाचाच. अमेरिकेतल्या युद्धामुळे आपल्या कापसाला तेजी आली आणि युद्ध संपल्यावर भाव कोसळले.

वॉटसन १८९० मध्ये काँग्रेसवर निवडून गेला. खेड्यापाड्यांत घरपोच टपाल देण्यासाठी पहिली तरतूद झाली, ती त्याच्याच प्रयत्नांनी. पण त्याचे खरे धाडस वेगळे होते. गोऱ्या आणि काळ्या शेतकऱ्यांना तो एकाच सभेत सांगे : तुम्हाला वेगळे ठेवतात ते दोघांनाही लुटता यावे म्हणून. १८९२ च्या प्रचारात डॉयल या काळ्या धर्मोपदेशकाला ठार मारण्याच्या धमक्या आल्या, तेव्हा वॉटसनच्या हाकेला शेकडो गोरे शेतकरी बंदुका घेऊन पहाऱ्याला आले. त्या काळच्या जॉर्जियात ही अजब गोष्ट होती.

तो हरला. १८९२ आणि १८९४, दोन्ही वेळा उघड गैरप्रकार झाले. ऑगस्टामध्ये तर मतदारांपेक्षा मतेच जास्त निघाली. १८९६ मध्ये ब्रायनबरोबर उपाध्यक्षपदासाठी उभा राहिला, पण ब्रायनच्या डेमोक्रॅट पक्षाचा त्या जागेवर स्वतःचा वेगळा उमेदवार होता. पक्ष तिथेच विरघळला.

नंतरचा वॉटसन ओळखू येत नाही. १९०६ मध्ये त्याने काळ्यांचा मताधिकार काढून घेण्याच्या मागणीला पाठिंबा दिला. पुढे कॅथलिक, मग ज्यू. लिओ फ्रँक या ज्यू कारखाना-व्यवस्थापकाविरुद्ध त्याच्या नियतकालिकांनी विष ओतले. १९१५ मध्ये जमावाने फ्रँकला फासावर लटकवले. वॉटसनचा खप मात्र वाढला.

पराभवाच्या कडवटपणाने तो बदलला, असे म्हणतात. मला हे अर्धेच पटते. सामाजिक समता आपल्याला नको, हे तो १८९२ मध्येही स्पष्ट सांगत असे. काळ्यांची मते त्याला हवी होती, आणि प्रतिस्पर्ध्यांनी ती दमदाटीने व पैशाने पळवल्यावर मतदारच नको झाला.

गंमत अशी की शेतकऱ्यांनी त्याला कधीच सोडले नाही. १९२० मध्ये तो सिनेटवर निवडून आला, १९२२ मध्ये वारला. अंत्ययात्रेला कू क्लक्स क्लॅनने फुलांचा क्रॉस पाठवला आणि समाजवादी नेते यूजीन डेब्ज यांनी त्याच्या पत्नीला सांत्वनाचे पत्र लिहिले. अटलांटाच्या कॅपिटॉलसमोरचा त्याचा पुतळा २०१३ मध्ये रस्त्यापलीकडच्या बागेत हलवण्यात आला.