विकणाराच साक्षीदार



2017 चा हंगाम आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. लगेच बोलणे सुरू झाले, हातमोजे घातले नाहीत, चूक शेतकऱ्याची!

मी कृषी पदवीधर. एके काळी गावोगाव मीही हेच सांगायचो. आज विचारतो, डोक्याएवढ्या कपाशीत, ऑक्टोबरच्या उन्हात, रबरी कपडे घालून, पाठीवर पंप घेऊन कोणता साहेब तासभर टिकेल?

1968 च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे औषध निर्धोक असल्याची माहिती नोंदणी मागणारी कंपनीच देते. मोनोक्रोटोफॉस 2005 साली भाजीपाल्यावर बंद झाले, कपाशीवर चालूच राहिले. खाणाऱ्याचा जीव मोलाचा, फवारणाऱ्याचा नाही? 2020 साली केंद्राने 27 औषधांवर बंदीचा मसुदा काढला. मग हरकती आल्या, समित्या बसल्या. 2023 साली मोनोक्रोटोफॉस 36 टक्के बंद झाले, पण यादीतली बहुतेक नावे सुटली.

आपली मागणी साधी आहे. खर्च कंपनीचा, पण तपासणी सरकारी. आपल्या शेतात, आपल्या पंपाने. आणि निकाल मराठीत, सर्वांसमोर.

तोवर पक्के बिल घ्या. फवारणारा पडला तर औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्या. प्रत्येक विषाचा उतारा वेगळा, काहींना उताराच नाही.

नफा त्यांचा आणि मयत आपल्या घरी, हा हिशेब आता पुरे!