राजाचा सज्जा आणि तळमजल्यावरील पाव

(अभ्यासवर्गातील भाषण)



माद्रिदचा ‘प्लाझा मायोर’ हा चौक पाहावयास जाणारा प्रवासी बहुधा वर पाहतो. एकसारख्या तांबूस भिंती, निमुळते मनोरे, चौकाकडे तोंड केलेले २३७ सज्जे पाहून तो प्रसन्न होतो. तिसऱ्या फिलिपच्या कारकीर्दीत, १६१७ ते १६१९ या काळात, हुआन गोमेझ दे मोरा या वास्तुकाराने हा चौक उभारला. त्याची रेखीवता वादातीत आहे. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तळमजल्याकडेही पाहिले पाहिजे.

उत्तरेच्या बाजूस ‘कासा दे ला पानादेरिया’, म्हणजे पावाचे घर, आहे. त्याचे बांधकाम १५९० मध्ये, चौकाच्याही आधी, सुरू झाले. तळमजल्यावर नगराची मुख्य भटारखाना आणि वरच्या मजल्यावर राजाची दालने, अशी त्याची रचना होती. गरिबाला पाव परवडावा म्हणून येथे त्याचा भाव बांधला जाई. पाव मिळेनासा झाला तर सज्जाही सुरक्षित राहत नाही, हे राजसत्तेला पक्के ठाऊक होते.

सज्ज्यांवर मात्र लोकांचा हक्क अपुराच होता. उत्सवाच्या दिवशी रहिवाशांना आपले सज्जे दरबाराने ठरविलेल्या पाहुण्यांसाठी मोकळे करून द्यावे लागत. ३० जून १६८० रोजी याच चौकात धर्मन्यायालयाने आरोपींना जाहीर शिक्षा सुनावल्या आणि दुसऱ्या कार्लोसने तो सोहळा सज्जातून पाहिला. देखण्या वास्तूत अन्यायही देखणा करून दाखविता येतो.

पुढे १७६५ मध्ये तिसऱ्या कार्लोसच्या सरकारने धान्याच्या कमाल किमतीवरील बंधन उठविले. खुल्या व्यापाराने धान्य मुबलक होईल, असा सिद्धान्त होता. पीक बुडाले आणि पाव महागला. मार्च १७६६ मध्ये पोशाखावरील निर्बंधांचे निमित्त झाले आणि माद्रिदची जनता रस्त्यावर उतरली. मंत्री एस्किलाचे यास हाकला, पाव स्वस्त करा, ही तिची मागणी होती. राजवाड्याच्या सज्जात येऊन राजाला ती मान्य करावी लागली. आजवर सज्जातून राजा पाहत असे; त्या दिवशी खाली उभी असलेली जनता राजाकडे पाहत होती.

१७९० च्या आगीत चौकाचा मोठा भाग जळाला. हुआन दे व्हियानुएव्हा याने इमारतींची उंची पाच मजल्यांवरून तीनवर आणली आणि कोपरे कमानींनी जोडले. आज आपण पाहतो ते बव्हंशी हेच रूप. पावाच्या घरात आता पर्यटन केंद्र आहे.

जुन्या वास्तू जपल्याच पाहिजेत. त्या कष्टकऱ्यांच्या हातांनी उभ्या राहिल्या आहेत. पण केवळ दर्शनी भाग जपणे म्हणजे अर्धाच इतिहास जपणे होय. सज्जा कोणाचा होता, हे सांगणारे पुष्कळ आहेत. पावाचा भाव कोण ठरवीत होते आणि तो कोणाच्या रेट्याने उतरला, हे सांगण्याचे काम आपले आहे.