गेटमाउथ मूर : ब्लूजच्या मंचावरून धर्मपीठाकडे

ब्लूज म्हणजे सैतानाचं गाणं, असं अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय घरांतली भाविक वडीलधारी माणसं मुलांना बजावत. शनिवारी रात्री ब्लूजला डोलणारी कितीतरी माणसं रविवारी सकाळी चर्चमध्ये दिसत, त्याला हरकत नव्हती. गाणाऱ्यानं मात्र एक बाजू धरायची. आर्नल्ड ड्वाइट मूर यांनी हा दंडक पाळला आणि पुढे उघडपणे मोडलाही.

मूर १९१३ साली कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहरात जन्मले. आवाज असा दणदणीत की ‘गेटमाउथ’ हे नाव चिकटलं. वॉल्टर बार्न्स यांच्या वाद्यवृंदाबरोबर ते गात. २३ एप्रिल १९४० रोजी मिसिसिपीतल्या नॅचेझ गावी एका नृत्यगृहात हा वाद्यवृंद वाजवत असताना आग लागली. फुकट्यांनी डोकावू नये म्हणून खिडक्या फळ्या ठोकून बंद केलेल्या, छताला सुकं शेवाळ टांगलेलं, बाहेर पडायला एकच दार. २०९ माणसं गेली. त्यांत खुद्द बार्न्सही होते. वाचलेल्यांत मूर यांचं नाव घेतलं जातं.

पुढे मेम्फिसमध्ये बील स्ट्रीट या ब्लूजच्या रस्त्यावर त्यांचा दबदबा होता. देशभर त्यांचं नाव फारसं गाजलं नाही, पण चाळीसच्या दशकात त्यांनी ध्वनिमुद्रित केलेलं ‘डिड यू एव्हर लव्ह अ वुमन’ प्रसिद्ध ब्लूज गायक बी. बी. किंग यांनीही गायलं.

मग १९४९ साल. शिकागोचा क्लब डिलिसा, भरलेली बैठक. मूर स्वतः सांगत, की ब्लूज गायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना; फुटलं ते चर्चमधलं भजन. माणसाला वेड लागलं, असंच लोकांना वाटलं. याला चमत्कार म्हणायची घाई मी करणार नाही. चर्चचं गाणं त्या समाजात लहानपणापासून कानावर पडतं. त्या रात्री तेच वर आलं, असं मला वाटतं. शिकागोतच त्यांनी धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली.

आता मला महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. मेम्फिसचं डब्ल्यूडीआयए हे नभोवाणी केंद्र गोऱ्या मालकांचं. पण सगळे कार्यक्रम कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी करणारं ते देशातलं पहिलं केंद्र. तिथेच बी. बी. किंग निवेदक होते, आणि तिथेच रेव्हरंड मूर भक्तिसंगीत ऐकवू लागले. नाचघरात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तो दणदणीत आवाज आता घराघरांत पोचला. त्यांनी व्यासपीठ बदललं, गळा तोच राहिला.

पुढे मिसिसिपीतल्या यॅझू सिटीत त्यांनी चर्च सांभाळलं. आणि १९७७ मध्ये, धर्मोपदेशक असतानाच, संगीतकार जॉनी ओटिस यांच्या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी त्यांनी पुन्हा ब्लूज ध्वनिमुद्रित केले. अशा माणसाला दुटप्पी म्हणणारे भेटतात. मला ते मान्य नाही. आपल्या आयुष्याचा अर्धा भाग खोटा होता असं म्हणायला ते तयार नव्हते, आणि त्यातच मला त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो.

२००४ साली यॅझू सिटीतच त्यांचं निधन झालं. त्यांची चाळीसच्या दशकातली ध्वनिमुद्रणं आणि १९७७ ची, दोन्ही एका बैठकीत ऐका, एवढीच आपल्याला विनंती.